सबनीसांच्या गिटारचे पिकअप

विद्याधर सबनीसच्या गिटारमुळे स्नेहदीप सोसायटीच्या ए विंगची वीज दोन दिवस बंद राहिली, ही गोष्ट खरी आहे. सोसायटीच्या इतिवृत्तात तशी नोंदच आहे. पण विद्याधरला वीज घालवायची नव्हती. त्याला फक्त 'घूंऽऽ' असा एक आवाज घालवायचा होता. ही नोंद मात्र इतिवृत्तात नाही. इतिवृत्तात माणसाचे हेतू लिहायची पद्धत नसते.

स्नेहदीप सोसायटी मरोळला. विद्याधर आणि नीला चारशे तीनमध्ये राहतात. विद्याधर एका विमा कंपनीच्या दावे विभागात, वय चोपन्न. नीला गाणारी. म्हणजे सव्वा वर्षापूर्वीपर्यंत गाणारी. मग थायरॉइडचं ऑपरेशन झालं. आवाज परत येईल पण थोडा वेगळा येईल, असं डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, आणि डॉक्टरांचं बोलणं खरं ठरलं. आवाज परत आला तो खालच्या पट्टीत, थोडी खरखर घेऊन. त्या आवाजात नीला भाजीवाल्याशी बोलली, बँकेशी भांडली, भाच्याच्या लग्नात यजमानीणबाईंसारखी मिरवलीसुद्धा. पण गायली नाही. हार्मोनियमवर इस्त्रीचे कपडे साठू लागले, आणि ते तिथून उचलायचं घरात कोणालाच सुचेना.

अशात सोसायटीला पंचवीस वर्षं पूर्ण झाली. जानेवारीतल्या एका रविवारी सकाळी सत्यनारायण, दुपारी जेवण आणि संध्याकाळी पाच वाजता 'सभासदांचे कलागुण' असा कार्यक्रम ठरला. कोणीतरी नीलाचं नाव परस्पर यादीत घातलं. नीला तीन दिवस नाही म्हणाली. चौथ्या दिवशी टॉवेलच्या घड्या घालता घालता, विद्याधरकडे न बघता म्हणाली, "तू गिटार वाजवणार असशील तर एक म्हणून बघते. हार्मोनियम नको. हार्मोनियम माझा पूर्वीचा आवाज ओळखते."

विद्याधरने त्याच मिनिटाला स्टूल लावून कपाटावरची लाल इलेक्ट्रिक गिटार खाली काढली. कॉलेजात असताना घेतलेली. बरोबर आवाज मोठा करणारा छोटा अँप होता. धूळ पुसली, तारा नव्या चढवल्या, आणि शनिवारी दुपारी दोघं तालमीला बसले. नीलाने वही उघडली. तिच्या बाईंनी तिला शिकवलेलं एक जुनं भावगीत होतं. तिने डोळे मिटून पहिला सूर लावला आणि विद्याधरने अँपचं बटण दाबलं.

"घूंऽऽऽऽ."

नीलाने डोळे उघडले. "हे काय वाजतंय?"

"गिटार."

"तू हात कुठे लावलायस अजून?"

ते बरोबर होतं. विद्याधरने बटणं फिरवून पाहिली, वायर काढून घातली, अँपला एक चापटही मारली. घूं कमी झाला नाही, उलट चापटीने थोडा दुखावल्यासारखा वाढला. नीला दुसऱ्या ओळीपर्यंत त्या आवाजाशी झगडली. मग तिने वही मिटली.

"राहू दे रे. तसंही माझा आवाज आता..." एवढं म्हणून ती कुकर बघायला गेली. कुकर लावलेलाच नव्हता.

दावे विभागात पंचवीस वर्षं काढलेल्या माणसाला एक गोष्ट पक्की कळते, की अर्धवट भरलेला अर्ज तसाच सोडला तर तो कायमचा अर्धवट राहतो. नीलाचं ते वाक्य विद्याधरला तसंच वाटलं. काहीही करून हा घूं घालवायचा, आणि कार्यक्रमाच्या रविवारच्या आत घालवायचा, असं त्याने ठरवलं. हातात पाच आठवडे होते. पाच आठवड्यांत लोक मजले चढवतात.

इंटरनेटवर शोधल्यावर अर्ध्या तासात रोगाचं निदान झालं. गिटारच्या तारांखाली दोन काळ्या पट्ट्या असतात, त्यांना पिकअप म्हणतात. आत लोहचुंबक, त्याच्याभोवती गुंडाळलेली तांब्याची बारीक तार. तारांची थरथर ते टिपतात आणि अँपला पोहोचवतात. जुने, एका गुंडाळीचे पिकअप असले की आसपासची विजेची घरघरही टिपतात. उपाय एकच, पिकअप बदला. मात्र कोणते घ्यायचे याबद्दल जगात दोन माणसांचं एकमत नव्हतं. एकजण म्हणत होता अमुक पिकअप क्रीमी आहेत, दुसरा म्हणत होता छे, ते जास्त क्रंची आहेत, तिसऱ्याला त्यात लोण्याचा पोत सापडला होता, आणि चौथा एका पिकअपला चक्क 'भाजलेल्या काजूसारखा' म्हणत होता. विद्याधर एक वही घेऊन बसला. दोन रविवार गेल्यावर त्या वहीकडे बघून नीलाने विचारलं, "दिवाळीच्या फराळाची ऑर्डर आहे का?"

शेवटी त्याने तिसऱ्या मजल्यावरच्या केयूरला विचारलं. केयूर आयटीत होता आणि दहा हजार गाणी घरात असूनही तो गाणी ऐकत नसे, हेडफोन ऐकत असे. त्याने विद्याधरची वही अर्ध्या मिनिटात मिटली.

"काका, तुम्हाला हंबकर पाहिजे. डबल गुंडाळी. हम, म्हणजे तुमचा तो घूं, मरतो म्हणून हंबकर. आणि घेणार असाल तर डायरेक्ट बाहेरून मागवा. एकदम झकास आयटम सांगतो."

जिन्यात त्यांचं बोलणं दत्ताराम धुरींनी ऐकलं. धुरी निवृत्त वायरमन, मूळचे कुडाळकडचे, राहायला पहिल्या मजल्यावर. जगातल्या प्रत्येक बिघाडाचं मूळ त्यांच्या मते अर्थिंगमध्ये असायचं. लिफ्ट हळू चालते, अर्थिंग. पंपाचा आवाज येतो, अर्थिंग. एकदा तर केयूरचं लग्न मोडलं तेव्हाही ते काहीतरी बोलणार होते, पण बायकोने चिमटा काढला.

"सबनीसानू, ता काय मागवू नकात. आधी अर्थिंग बघा," धुरी म्हणाले.

"हो हो, बघतो," असं विद्याधर म्हणाला आणि वर जाऊन केयूरने सांगितलेले पिकअप मागवून मोकळा झाला.

पार्सल आठ दिवसांत मुंबईत पोहोचलं आणि तिथेच बसलं. कुरिअरवाल्यांकडून फोन आला. "सर, तुमचे गाडीचे पार्ट आले आहेत. आरसी बुकची कॉपी पाठवा."

"माझी गाडी नाही," विद्याधर म्हणाला.

"मग पिकअप कशाला मागवली?"

फोनवर हा गुंता सुटला नाही. विद्याधरने अर्धी रजा टाकली आणि सहारजवळच्या त्यांच्या ऑफिसात गेला. काउंटरवर एक चष्मेवाले गृहस्थ होते. त्यांच्यासमोरच्या कागदावर लिहिलं होतं, 'पिकअप, नग दोन'.

"किती टनाची आहे?" त्यांनी वर न बघता विचारलं.

"सव्वाशे ग्रॅमची."

आता त्यांनी वर बघितलं. विद्याधरने त्यांना पिकअप म्हणजे काय ते समजावलं. चुंबक, तार, थरथर. हातांनी गिटार वाजवूनही दाखवली. मागे उभ्या असलेल्या माणसांनी रांग सोडून गोल केला. गृहस्थांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे हे आवाज उचलतं. आणि कुठे नेऊन टाकतं?"

"अँपमध्ये."

"मग वाहतूकच झाली की."

विद्याधरने आयुष्यात हजारो लोकांना 'हे कलमात बसत नाही' असं सांगितलं होतं. काउंटरच्या या बाजूला उभं राहिल्यावर ते वाक्य कसं लागतं, हे त्याला त्या दिवशी कळलं. पाऊण तासाने तोडगा निघाला. 'सदर पिकअपचा उपयोग मालाच्या अथवा प्रवाशांच्या वाहतुकीसाठी केला जाणार नाही' असं प्रतिज्ञापत्र त्याने लिहून द्यायचं. ते त्याने बाहेरच्या टायपिस्टकडून स्टॅम्प पेपरवर टाइप करून आणलं आणि सही केली. गृहस्थ शिक्का मारता मारता थांबले.

"तुम्ही स्वतः वाजवता?"

"थोडं. बायको गाते. बऱ्याच दिवसांनी गाणार आहे."

गृहस्थांनी शिक्का जरा जास्तच जोरात मारला. "मग लवकर जा. आमच्या हिच्यासाठी मी शिवणाचं मशीन मागवलं होतं, ते यायच्या आत तिचा मूड गेला."

आता कार्यक्रमाला दोन आठवडे उरले होते. विद्याधरने वर्तमानपत्र अंथरलं, गिटार उताणी ठेवली आणि शल्यचिकित्सकासारखे स्क्रू ओळीने मांडले. जुने पिकअप काढताना एका पिकअपच्या पोटात स्क्रूड्रायव्हर शिरला आणि केसाइतकी बारीक तार पटकन तुटली. त्याला वाईट वाटलं नाही. जुनाच तर होता. मग नवे पिकअप बसवायला गेला तेव्हा कळलं, की ते दुप्पट रुंद आहेत आणि गिटारमधला खळगा जुन्याच मापाचा आहे.

तेव्हा सोसायटीच्या सेक्रेटरी अस्मिता रेगे यांच्या घरी किचनच्या कपाटांचं काम चालू होतं. तिथले सुतार काशीराम यांना विद्याधरने वर बोलावलं. काशीरामांनी गिटार उलटीसुलटी करून बघितली, बोटाने टकटक केलं.

"लाकूड चांगलं आहे. किती काढू?"

"फक्त एवढं," विद्याधरने पेन्सिलने रेघ मारून दाखवली आणि तो चहा सांगायला आत गेला. चहा सांगून बाहेर आला तर काशीरामांनी दोन्ही खळगे मिळून एक प्रशस्त हौद केला होता.

"उद्या आणखी मोठं काही बसवायचं झालं तर पुन्हा बोलवायला नको," ते समाधानाने म्हणाले. वरची प्लास्टिकची पट्टी अर्थातच आता अपुरी पडली. काशीराम खाली गेले आणि रेगेबाईंच्या किचनमधला उरलेला सनमायका घेऊन आले. तो फिकट सागवानी रंगाचा होता, त्यावर लाकडाचे खोटे डोळे होते. तो त्यांनी मापात कापून इतका बेमालूम बसवला, की लाल गिटार ओट्याखालच्या खणासारखी दिसू लागली.

"मूठ लावू?" त्यांनी विचारलं. ही चेष्टा होती की प्रश्न, ते विद्याधरला आजही माहीत नाही.

सोल्डरिंग त्याने स्वतः केलं. दोन बोटं आणि टेबलक्लॉथचा एक कोपरा भाजला, त्याचं विशेष नाही. शनिवारी दुपारी सगळं जोडून झालं. नीला मुद्दाम समोर येऊन बसली. तिने वही आणली नव्हती, पण विद्याधरने बघितलं, की ती शेजारच्या खुर्चीवर हाताला येईल अशी ठेवलेली होती. त्याने अँपचं बटण दाबलं.

"घूंऽऽऽऽ."

मग नीला फार मायेने म्हणाली, "पण आधीपेक्षा जरा वेगळा आहे ना रे?" आणि त्या मायेने विद्याधरचा उरलासुरला धीर सुटला.

तो खाली उतरला आणि धुरींची बेल वाजवली. धुरींनी दार उघडलं. त्यांनी विद्याधरचा चेहरा बघितला. आतून टेस्टर आणि बल्ब लावलेली वायर घेतली, सदरा चढवला आणि वर आले.

"तारांक हात लावा," ते म्हणाले. विद्याधरने तळवा तारांवर ठेवला. घूं एकदम खाली बसला. हात काढला, परत वर आला.

"बघलात? तुमीच अर्थिंग झालात!"

धुरींनी प्लगचा डबा उघडला. तिसऱ्या भोकाची हिरवी तार जागेवर होती. अर्थिंग असलं की पेटणारा आपला बल्ब त्यांनी लावून बघितला, पेटला नाही. मग स्वयंपाकघरात, मग बाथरूममध्ये. कुठेच पेटला नाही. त्यांचा चेहरा गंभीर झाला. ते चारशे चारमध्ये गेले, तिथून खाली तीनशे दोन, दोनशे एक असं करत स्वतःच्या घरापर्यंत पोहोचले. स्वतःच्या घरातही बल्ब पेटला नाही; तिथे लावून बघायचं त्यांना इतक्या वर्षांत सुचलंच नव्हतं. त्यांनी जिन्यातच बसकण मारली. पंचवीस वर्षं ते जे म्हणत आले होते ते खरं निघालं होतं, आणि त्याचा त्यांना आनंद झाला नव्हता.

"अख्ख्या विंगेक अर्थिंग नाय," ते म्हणाले. "सबनीसानू, हय कोणतरी मेला असता."

दुसऱ्या दिवशी सकाळी नोटीस लागली. 'सदनिका क्र. ४०३ मधील वाद्यामुळे उद्भवलेल्या विद्युत परिस्थितीबाबत तातडीची सभा.' अस्मिता रेगेंची शब्दयोजना नेहमीच अचूक असते. सभेत पहिला मुद्दा असा मांडला गेला, की गिटार येण्याआधी असा काही प्रश्न नव्हता. दुसरा मुद्दा असा, की मग गिटारच काढून टाकली तर? विद्याधर उभा राहून समजावू लागला, पण त्याच्या हातातला स्क्रूड्रायव्हर बघून लोक त्याच्यावर आणखीच चिडले.

धुरी उठले. त्यांनी फक्त एकच विचारलं, "वॉशिंग मशीनक हात लावल्यार कोणाक झिणझिण्या येतत?"

मग दुसऱ्या मजल्यावरच्या दर्शना वाघ हळूच म्हणाल्या, "मी आपली रबरी चप्पल घालूनच कपडे लावते. मला वाटलं आमचंच मशीन तसं आहे." चारशे चारच्या आजींनी सांगितलं, की गिझरच्या नळाला हात लावला की त्यांच्या कोपरापर्यंत कळ जाते, आणि त्यासाठी त्या तीन वर्षं संधिवाताचं तेल लावत होत्या. मग एकेकजण बोलू लागला. अख्खी विंग वर्षानुवर्षं बारीक बारीक झटके खात होती आणि प्रत्येकाला वाटत होतं, की हा आपल्याच घरचा प्रकार आहे, चारचौघांत कशाला बोला.

इलेक्ट्रिशियन आला, त्याने शोध घेतला. काही वर्षांपूर्वी आवारात पेव्हर ब्लॉक घातले तेव्हा अर्थिंगची तांब्याची पट्टी तुटली होती आणि खड्डाही बुजला होता. तो खड्डा नेमका रेगेबाईंच्या आवडत्या सेल्फी पॉइंटखाली निघाला. दोन मोठे पंख आणि 'आय लव्ह स्नेहदीप' असं लिहिलेली ती भिंत उद्घाटनाआधीच फोडावी लागली. रेगेबाई बाजूला उभ्या राहून बघत होत्या. शेवटचा पंख पडला तेव्हा त्या विद्याधरकडे वळल्या आणि म्हणाल्या, "सबनीस, तुम्हाला बासरी का नाही आवडली हो?"

या कामासाठी ए विंगची वीज सोमवारी आणि मंगळवारी दिवसभर बंद ठेवली. विद्याधरने दोन्ही दिवस रजा घेतली. चार मजले पायी चढून येणाऱ्या माणसांना तोंड दाखवायला नको, हा त्यातला मुख्य हेतू. तो आतल्या खोलीत पडून राहिला. पंखा नाही, फ्रिजची घरघर नाही, शेजारचा टीव्ही नाही, पंप नाही. इतकी शांतता त्या घरात त्याने कधी ऐकली नव्हती. आणि त्या शांततेत स्वयंपाकघरातून आवाज आला.

नीला भोपळा चिरता चिरता गात होती. अगदी हळू, स्वतःशी. तेच भावगीत. जिथे पूर्वी तिचा आवाज वर चढायचा, तिथे ती आता खाली उतरत होती आणि तिथे थोडी थांबत होती, पायरी अंधारात चाचपावी तशी. आवाजात खरखर होती. पण गाणं आता काहीतरी वेगळंच सांगत होतं, आणि विद्याधरला वाटलं, हे पूर्वीपेक्षा जास्त खरं आहे. त्याने फोन उशाखालून काढला आणि श्वास रोखून रेकॉर्ड केलं. सुरी थांबली तसा तो घोरल्याचं नाटक करू लागला.

मंगळवारी संध्याकाळी वीज आली. अँप लावला तर घूं नव्हता. त्याने तीनदा बटण बंद-चालू करून खात्री केली. नीला आली, बसली, गाऊ लागली. आणि पाचव्या मिनिटाला थांबली.

"विद्या, रागावू नकोस. पण तुझी ही गिटार माझ्या आवाजावर बसते रे. मी कुठे आहे तेच मला ऐकू येत नाही."

खरंच होतं. हंबकर जाडजूड, भरदार वाजत होते, नेमके नीलाच्या नव्या आवाजाच्या जागीच. अँपचा आवाज कमी केला तरी ते तिथून हलायला तयार नव्हते, आणि गिटारचं बटण कमी केलं की गोधडीतून वाजल्यासारखं यायचं. केयूर म्हणाला, काका, दुसरे मागवू. विद्याधरला ते प्रतिज्ञापत्र आठवलं. त्याने नकाराची मान हलवली. जुन्या पिकअपपैकी हवा होता तोच तुटलेला होता, आणि कार्यक्रम रविवारवर आला होता.

"तो तुटलेला घे आणि चल," धुरी म्हणाले. सभेनंतर ते विद्याधरशी एकेरीत बोलू लागले होते, हा मान होता.

साकीनाक्याच्या एका गल्लीत, प्रेस मशीन आणि स्प्रेपेंटिंगच्या गाळ्यांच्या मध्ये, वनमालाबाईंचा वाइंडिंगचा गाळा होता. ट्रान्सफॉर्मर, रिले, सोलेनॉइड, जे काही तारेने गुंडाळायचं असेल ते बाई गुंडाळून देत. पन्नाशीच्या, केस घट्ट बांधलेले, डोळ्यांवर भिंग. धुरींनी त्यांना तीस वर्षांपूर्वी कामाला लागताना बघितलं होतं. बाईंनी पिकअप हातात घेतला, भिंगाखाली धरला.

"बेचाळीस गेजची तार. हे कसलं आहे?"

विद्याधरला इतक्या दिवसांच्या अनुभवाने पिकअप हा शब्द काढायची भीती वाटली. "गिटारमधलं," तो म्हणाला.

"किती फेरे आहेत?"

"आठ हजारांच्या आसपास असतात म्हणे."

"आणि तुम्हाला कसा आवाज पाहिजे?"

गेला महिनाभर वाचलेल्या क्रीमी आणि क्रंचीच्या नादी तो लागला नाही. त्याने फोन काढला आणि ते भोपळा चिरतानाचं रेकॉर्डिंग लावलं. बाईंनी शेजारचं मशीन बंद करायला लावलं. फोन कानाला धरून शेवटपर्यंत ऐकलं.

"घसा बसलाय?"

"ऑपरेशन झालंय. आवाजच आता असा आहे."

"छान आहे की." बाईंनी फोन परत दिला. "बाई खाली बसून गातात, मग तुमच्या यंत्राने पण तिथेच कशाला बसायचं? एका खुर्चीत दोघं कशी मावतील? तुम्ही जरा सरकून, बारीक वाजा. फेरे कमी करते."

त्यांनी जुनी तार काढली आणि नवी लावली. मशीन फिरू लागलं, आकडा वाढू लागला. तार मात्र बाईंनी दोन बोटांत धरली होती. मशीनला ताण कळत नाही, त्या म्हणाल्या. जास्त दिला तर तुटते, कमी दिला तर पसरते. साडेपाच हजार फेऱ्यांना त्यांनी मशीन थांबवलं.

तो पिकअप काशीरामांच्या हौदात एखाद्या होडीसारखा तरंगू लागला, म्हणून खाली स्पंजचा तुकडा आणि वर सनमायकाची आणखी एक पट्टी लागली. शुक्रवारी तालीम झाली. आता अर्थिंग होतं, त्यामुळे या जुन्या पिकअपलाही घूं आला नाही. नीला पूर्ण गाणं गायली. नंतर तिने हार्मोनियमवरचे कपडे उचलून कपाटात ठेवले.

रविवारी संध्याकाळी आवारात शंभरएक खुर्च्या मांडल्या होत्या. फोडलेल्या सेल्फी पॉइंटवर रेगेबाईंनी सतरंजी टाकून तिथेच स्टेज केलं होतं. लहान मुलींचा नाच झाला, एका सभासदांची नक्कल झाली, मग नीलाचं नाव पुकारलं. ती माइकसमोर उभी राहिली. विद्याधर मागे खुर्चीत, मांडीवर किचनची गिटार. पहिली ओळ कापरी गेली. पुढच्या रांगेतल्या दोन बायकांनी एकमेकींकडे बघितलं. त्यांना तिचा पूर्वीचा आवाज माहीत होता. विद्याधरने हळूच एक सूर दिला, सरकून, बारीक. नीलाने तो धरला आणि ती चालू लागली.

दुसऱ्या कडव्यापर्यंत खुर्च्यांचे आवाज थांबले. शेवटच्या कडव्यात तो उतार आला. नीला खाली उतरली, थांबली, आणि या वेळी चाचपडली नाही. समोर गिझरवाल्या आजी पदर तोंडाला लावून ऐकत होत्या. गाणं संपलं, टाळ्या झाल्या, बराच वेळ झाल्या. केयूर धावत स्टेजजवळ आला.

"काका! शेवटच्या कडव्याला काय टोन होता! इतकी क्लॅरिटी मी लाइफमध्ये ऐकली नाही!"

"वनमालाबाईंचा हात आहे," विद्याधर नम्रपणे म्हणाला. खरी गोष्ट अशी, की शेवटच्या कडव्याला त्याने गिटार वाजवलीच नव्हती. हात तारांवर ठेवून तो ऐकत बसला होता, आणि टाळ्या सुरू होईपर्यंत ते त्याच्या लक्षातही आलं नव्हतं.

केयूरच्या लक्षात आलं नाही, पण नीलाच्या आलं होतं. लिफ्टला गर्दी होती म्हणून दोघं जिन्याने वर निघाली. पहिल्या मजल्यावर तिने विचारलं.

"शेवटचं कडवं का सोडलंस?"

"विसरलो."

"काय विसरलास? पाठ होतं तुला."

"वाजवायचं विसरलो गं."

मग तिने नाक मुरडलं. "असं करायचं नाही. घाबरले ना मी. पुढच्या वेळी अर्धा सूर खाली घेऊ, म्हणजे मला तो उतार मोकळा मिळेल. आणि तू तिथे मला हात द्यायचास, सोडायचं नाहीस. हसतोयस काय? समजलं का कुठे यायचं ते?"

"नाही समजलं," विद्याधर म्हणाला.

नीला तिसऱ्या मजल्याच्या वळणावर थांबली. हातातली गाण्यांची वही तिने कठड्यावर ठेवली, एका हाताने ताल धरला आणि तो उतार त्याला पुन्हा गाऊन दाखवला. माइक नव्हता, तरी पूर्ण आवाजात गायली. दोन-तीन घरांची दारं उघडली. ती थांबली नाही.